खिडकीअलीकडचा शिरस्तेदार

मराठी घरातल्या मुलाला अक्षरओळख होण्याच्या कितीतरी आधी, दुधाचे दातही पुरते आलेले नसतात अशा वयात, कडेवर घेऊन भरविणारी आजी त्याला जे पहिले तीन प्राणी दाखविते ते हत्ती, सिंह आणि मोर नसून काऊ, चिऊ आणि माऊ हे असतात. आणि या तिघांतील दोघे ओसरीबाहेरचे व एक चुलीजवळची, व ती एक त्या दोघांना खाण्याच्या चिंतनात सदैव मग्न असलेली, ही गोष्ट त्या मुलाला पुढे पुष्कळ वर्षांनी, बहुधा एखाद्या सकाळी अंगणात विखुरलेली पिसे पाहूनच, कळून येते. ज्याला मांजराचा लळा आहे आणि पाखरांचेही वेड आहे अशा गृहस्थाच्या नशिबी ही अडचण कायमचीच लिहिलेली असते. त्या अडचणीतून मार्ग काढता काढता मला मांजराविषयी आणि पाखरांविषयी जे कळले, तेच या प्रकरणात सांगावयाचे आहे.

आमचे घर साताऱ्याचे, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडील एका जुन्या पेठेतले. पुढील दारी रस्त्याचा गलबला अखंड असला, तरी मागील दारी दीड गुंठ्याचे परस अजून शिल्लक आहे, आणि त्यात एक शेवगा, एक पेरू, एक अंजीर, तगर, जास्वंद, कढीलिंब आणि न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली केळ एवढाच वृक्षसंभार आहे. एवढ्याशा जागेत पाखरे ती किती येणार, असे कोणास वाटेल. परंतु वर्षभर रोजनिशी ठेवून पाहिली, तर कावळा, चिमणी, साळुंकी आणि होला या कायमच्या रयतेखेरीज लालबुड्या बुलबुल, शिंपी, शिंजीर, दयाळ, चष्मेवाला, तांबट, कोकीळ, भारद्वाज आणि नित्य तंट्यातच आयुष्य घालविणारे सातभाई असे पंधराएक प्रकारचे पक्षी तेथे हजेरी लावून जातात. यांपैकी कोणालाही पाहण्यासाठी दुर्बीण लागत नाही. लागते ती फक्त स्वस्थ बसण्याची तयारी, आणि ती आमच्यापेक्षा आमच्या बोक्याला अधिक आहे.

या बोक्याचे नाव शिरस्तेदार. नेमून दिलेल्या वेळेस नेमून दिलेल्या खिडकीत बसणे, दप्तर तपासावे तसे परस डोळ्यांखालून घालणे, आणि घरातील कोणतीही वस्तू जागची हलली तर तिच्याभोवती फिरून हुंगून जणू तिचा पंचनामा करणे, हा त्याचा शिरस्ता तो सहा महिन्यांचा होता तेव्हापासून मोडलेला नाही. मांजर हे माणसाळलेले जनावर खरे, पण कुत्र्याप्रमाणे माणसाने ते मुद्दाम घडविले असे दिसत नाही. शेतकऱ्याने धान्य साठविले, धान्यावर उंदीर आले, उंदरांवर पश्चिम आशियातील रानमांजर आले, आणि कोणी कोणास निमंत्रण न देता हा संसार थाटला गेला. सायप्रस बेटावर शिलुरोकांबोस या ठिकाणी सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी, केवळ ४० सेंटिमीटर अंतरावर, एका मांजराचा सांगाडा नीट पुरलेला सापडला. त्याचा वृत्तान्त फ्रेंच संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्या बेटावर मांजरे मुळात नव्हती, म्हणजे कोणीतरी ते होडीत घालून समुद्रापार नेले असले पाहिजे. उंदीर मारण्याच्या कामावर नेमलेल्या नोकरास मालकाशेजारी मूठमाती मिळत नसते. तेव्हा लळ्याची वहिवाट निदान तितकी तरी जुनी आहे.

पण लळा लागला म्हणून जनावर बदलले नाही. आपल्या मांडीवर घुरघुरणाऱ्या मांजराचे शरीर पाहावे, तर ते अंगोपांगी शिकाऱ्याचेच आहे. कानांची हालचाल करणारे स्नायू बत्तीसच्या आसपास असल्यामुळे एक कान पुढे आणि दुसरा मागे, असे दोन साक्षीदार दोन दिशांना एकाच वेळी पाठविणे त्यास सहज जमते; माणसाचा कान ज्या कंपनसंख्येपाशी, म्हणजे सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपाशी, हात टेकतो, तिच्या तिप्पट-चौपट उंचीचा ध्वनी त्याला ऐकू येतो; आणि खांद्याचे गळपट्टीचे हाड अन्य हाडांशी घट्ट सांधलेले नसल्यामुळे, जेथून डोके जाईल तेथून उरलेले अंगही नेता येते, हे आमच्या मागील खिडकीच्या गजांनी पुष्कळदा अनुभवले आहे. उलट, अगदी नाकासमोर ठेवलेला माशाचा तुकडा त्याला चटकन दिसत नाही, तो हुंगून शोधावा लागतो. कारण ती दृष्टी जवळचे निरखण्यासाठी नव्हे, तर दूरची हालचाल टिपण्यासाठी बनलेली आहे. मधुर रस तर त्याच्या जिभेला ठाऊकच नाही. गोडाची जाणीव करून देणारे एक जनुक मार्जारकुलात निकामी झालेले असल्याचे २००५ मध्ये सिद्ध झाले, आणि आमच्या मातोश्री ज्या साखरभाताची शिते त्याच्यापुढे प्रेमाने टाकीत, ती तो केवळ तुपासाठी चाटत होता हे गुपित उघडकीस आले. दूधभातावर मांजर वाढते हीही अशीच एक जुनी समजूत आहे. प्रौढ मांजरांपैकी बहुतेकांना दूध पचत नाही, आणि टॉरिन नावाचे जे द्रव्य मांसातच मिळते ते न मिळाल्यास त्यांची दृष्टी जाते व हृदयाचा स्नायू दुबळा होतो. शाकाहारी घरात मांजर पाळणाऱ्याने या बाबतीत आपल्या सोवळ्याला थोडी मुरड घातलीच पाहिजे.

आता त्या पिसांची हकीकत. प्रथम दोन वर्षे शिरस्तेदार परसात मोकळा फिरे, आणि आम्हांला त्यात काही वावगे वाटत नसे. आमच्या मागच्या भिंतीत एक चिरा निखळून पडलेल्या खोबणीत दयाळाच्या जोडप्याने घरटे केले होते. दयाळ म्हणजे काळ्या कोटावर पांढरी पट्टी मिरविणारा, शेपटी उभी ठेवून चालणारा, आणि फाल्गुनापासून मृगापर्यंत पहाटेच्या अंधारात कौलांच्या आढ्यावर बसून असा काही गाणारा पक्षी, की त्यासाठी पांघरूण झुगारून उठण्यात आपण काही गमावले असे वाटू नये. बांगला देशाने त्याला आपला राष्ट्रीय पक्षी केले, यात त्या लोकांची रसिकता दिसते. तो गाताना आलाप बदलत राहतो, आणि मध्येच दुसऱ्या पक्ष्यांची नक्कल करून त्यांची थट्टा केल्यासारखे करतो. घरट्यातून बाहेर पडलेली त्याची पिल्ले पहिले काही दिवस नीट उडू शकत नाहीत. ती झुडपांत, केळीच्या सालपटांआड, जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर बसून राहतात आणि आई-बाप त्यांना भरवीत असतात. हे आम्हांला ठाऊक नव्हते, शिरस्तेदाराला ठाऊक होते. तीन पिल्लांपैकी दोन त्याने एका सकाळी आणून चटईवर ठेविली, आणि शाबासकीच्या अपेक्षेने आमच्याकडे पाहिले. त्याला शिक्षा करण्यात अर्थ नव्हता; त्याच्या कायद्याने त्याने घरात भरणाच केला होता.

त्यावर आमच्याकडे पहिला उपाय सुचला तो अर्थातच घंटेचा. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधावी, हा प्रश्न उंदरांच्या सभेपासून आजतागायत विचारला गेला. पण बांधल्यावर तिचा उपयोग होतो काय, हा प्रश्न त्या सभेत कोणी काढलाच नाही. नैर्ऋत्य इंग्लंडात एक्झिटर येथील विद्यापीठाने ३५५ मांजरांवर तो काढून पाहिला आणि निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. घंटेने शिकारीत नजरेत भरण्याजोगा काहीही फरक पडला नाही. ज्या मांजरांना मांसातील प्रथिने भरपूर असलेले अन्न दिले, त्यांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. ज्यांच्याशी धनी रोज पाच-दहा मिनिटे दोरी आणि पीस घेऊन खेळले, त्यांची २५ टक्क्यांनी घटली. आणि गळ्यात भडक रंगी कापडाची झालर घातलेल्यांनी पाखरे ४२ टक्के कमी मारली, कारण पाखरांना रंग चांगले दिसतात आणि दुरूनच ती सावध होतात. झालर घातलेला शिरस्तेदार कसा दिसेल, याची कल्पना करून आम्ही तो मार्ग सोडला. मग एका सुताराकडून मागील तिन्ही खिडक्यांना लोखंडी तारेची जाळी ठोकून घेतली, मागील दाराला अर्धे जाळीचे दार बसविले, आणि बोक्याचा बाहेरचा परवाना रद्द केला. गुरांच्या दवाखान्यात त्याचे खच्चीकरण आधीच झालेले असल्याने, बाहेर जाण्याचे त्याचे एक मोठे कारण तसेही उरलेले नव्हते. पंधरा दिवस त्याने दारापाशी बसून फिर्याद मांडली, सोळाव्या दिवशी तो खिडकीत जाऊन बसला, आणि तेव्हापासून ती खिडकी हीच त्याची कचेरी झाली.

आमच्या पूर्वजांना मांजराच्या स्वभावाविषयी भ्रम नव्हता. हितोपदेशात भागीरथीच्या काठच्या एका वृक्षावर जरद्गव नावाचा आंधळा गिधाड पाखरांची पिल्ले राखीत बसलेला आहे, आणि दीर्घकर्ण नावाचा बोका आपण नित्य गंगास्नान करतो, मांस वर्ज्य केले आहे, चांद्रायण चालू आहे, अशी बतावणी करून ढोलीत बिऱ्हाड मिळवितो. पुढे पिल्ले नाहीशी होतात, हाडे ढोलीत सापडतात, आणि पाखरे निरपराध गिधाडाला मारतात. महाभारतातही गंगातीरी हात वर करून तप करणारे मांजर आहे, आणि ढोंगी व्रतस्थाला बैडालव्रतिक म्हणण्याची चाल स्मृतिकारांची आहे. यात मांजरावर थोडा अन्याय होतो, असे मात्र मला वाटते. ढोंग करावे लागते ते लाज असणाऱ्याला. मांजर खिडकीत बसून बुलबुलाकडे पाहते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कसल्याही तपाचा आव नसतो. खालचा जबडा थरथरवून ते जो एक विलक्षण कटकट असा आवाज काढते, तो भक्ष्य दिसते पण गाठता येत नाही या तळमळीचा, की मानेवर द्यावयाच्या चाव्याची ती रंगीत तालीम, याविषयी जाणत्यांत मतभेद आहे. पण ती प्रार्थना नव्हे, याविषयी नाही.

मांजरामुळे पाखरांचे किती नुकसान होते, याचे अमेरिकेतील अनुमान २०१३ मध्ये निघाले ते वर्षाला १३० कोटींपासून ४०० कोटी पक्ष्यांपर्यंतचे होते, आणि त्यातील मोठा वाटा बेवारशी मांजरांचा होता. आकडा मोठा आहे. पण माझ्या मनात घर करून राहिली आहे ती त्याहून लहान अशी एक गोष्ट. न्यूझीलंडच्या दोन मोठ्या बेटांमधील सामुद्रधुनीत स्टीफन्स नावाचे एक छोटे बेट आहे. तेथे १८९४ मध्ये दीपगृह सुरू झाले, माणसांबरोबर मांजर आले, आणि उडता न येणाऱ्या एका चिमुकल्या पक्ष्याची मृत शरीरे दीपगृहाच्या माणसांना मिळू लागली. डेव्हिड लायल या तेथील साहाय्यकाने ती जपून विद्वानांकडे रवाना केली, इंग्लंडात वॉल्टर रॉथ्सचाइल्डने त्या पक्ष्याला लायलचे नाव दिले, आणि या नामकरणाची शाई वाळते न वाळते तोच तो पक्षी संपला. दीपगृहातील एकट्या मांजराने तो संपविला, ही दंतकथा रंगतदार असली तरी खरी नव्हे. बेटावर मांजरे वाढली आणि त्या सर्वांनी मिळून ते केले. त्या पक्ष्याला चार पायांच्या शिकाऱ्याची ओळखच नव्हती. आमच्या परसातील पाखरांचे तसे नाही. सह्याद्रीच्या झाडीत आणि उसाच्या फडांत वाघाटी नावाचे जगातील अत्यंत लहान मार्जार राहते, रानमांजर आहे, मुंगूस आहे, साप आहे. त्यांच्या सहवासात शेकडो पिढ्या काढलेल्या सातभाईंना मांजर म्हणजे काय हे अंड्यातून बाहेर येताच जणू ठाऊक असते. शिरस्तेदार जाळीपाशी दिसला, की एक सातभाई किंचाळतो, मग आठही जण तगरीवर जमून त्याच्या तोंडावर अशी काही लाखोली वाहतात, की शेजारची खारही शेपूट झटकीत त्या कोलाहलात आपला सूर मिसळते. बुलबुलाची सूचना वेगळी, शिंप्याची वेगळी. घारीसाठीची हाळी निराळी आणि मांजरासाठीची निराळी, हे चार-सहा महिने कान देऊन ऐकणाऱ्याला न पाहताही ओळखता येऊ लागते.

घरबसल्या असे पाहण्याची परंपरा आपल्याकडे लहान नाही, आणि तिचा एक धागा या गावाशी जोडलेला आहे, याचा मला थोडा अभिमान वाटतो. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा पाद्र्याचा मुलगा १८५१ मध्ये साताऱ्यात जन्मला, मुंबई इलाख्याच्या जकात व मिठाच्या खात्यात त्याने नोकरी केली, आणि आपल्या बंगल्यात व आवारात वावरणारे उंदीर, पाली, मुंग्या, कावळे यांना सरहद्दीवरील टोळ्या मानून त्याने १८८३ मध्ये एक खुसखुशीत पुस्तक लिहिले. त्याच वर्षी मुंबईत ज्या आठ जणांनी निसर्गेतिहास मंडळाची स्थापना केली त्यांत तो होता, आणि त्याच आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोन डॉक्टरही होते. पुढे या मंडळाचे नाव ज्यांनी जगभर नेले त्या सालिम अली यांची सुरुवातही घरच्या चिमणीपासूनच झाली. १९०६-०७ च्या सुमारास, ते दहा वर्षांचे असताना, मुंबईत खेतवाडीच्या घरी तबेल्यातील एका भोकात चिमणीने घरटे केले होते आणि बाहेरच्या खिळ्यावर नर पहारा देत असे. मुलाने छर्ऱ्याच्या बंदुकीने तो नर टिपला. थोड्याच वेळात त्याच्या जागी दुसरा नर हजर झाला. आणि अशा रीतीने सात दिवसांत आठ नर पडले तरी चिमणीचा पहारा सुना राहिला नाही. मुलाने हे टिपून ठेविले. आज ती नोंद वाचताना, तो मुलगा आमच्या शिरस्तेदाराहून फारसा वेगळा नव्हता असे मनात येते. एवढेच, की बोका टिपण ठेवीत नाही.

तरीही पाखरे दाखविण्याच्या कामी मला बोक्याचाच अधिक उपयोग झाला. जाळी लागल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तो ओळीने तीन दिवस अंजिराच्या एकाच फांदीकडे पाहत बसला होता. कान त्या दिशेला रोखलेले, मिशा पुढे वळलेल्या, शेपटीचे टोक मात्र हलते. मी त्याच्या डोक्यामागे डोके नेऊन, बंदुकीच्या माशीवरून नेम धरावा तसे त्याच्या दोन कानांमधून पाहिले, तेव्हा दोन रुंद पाने एकमेकांना शिवलेली दिसली. शिंपी हा अंगठ्याएवढा पक्षी, पण त्याचा आवाज त्याच्या देहाला न शोभण्याइतका मोठा. तो चोचीने पानांच्या कडांना भोके पाडतो, त्यांतून कापसाचे किंवा कोळ्याच्या जाळ्याचे तंतू ओवतो, आणि बाहेर तंतूचे टोक पिंजून ठेवतो. ते टोक फुगून भोकात अडकते, गाठ मारण्याची गरज पडत नाही, आणि पान हिरवेच राहत असल्याने घरटे हे घरटे आहे असे वाटत नाही. मी त्या अंजिराखालून दररोज दोनदा जात होतो.

मग मीही माझ्या बाजूने काही नेम बांधून घेतले. पाण्याची मातीची परळ झुडपाजवळ न ठेवता, चारही बाजूंनी मोकळ्या जागी, दीड पुरुष उंच खांबावर ठेवावी, म्हणजे शेजारच्या मोकाट मांजरांना दडून झडप घालता येत नाही. पाणी रोज बदलावे. बाजरी आणि कण्या पसाभरच टाकाव्या, कारण जास्त टाकले की पारव्यांची फौज उतरते आणि बाकीच्यांना हुसकून लावते. शिंजीर खिडकीच्या काचेतील स्वतःच्या प्रतिबिंबाशी लढून दमतो, यास्तव विणीच्या दिवसांत काचेवर बाहेरून कागद चिकटवावा. आणि घरात लिलीची फुले आणू नयेत, कारण लिली मांजराच्या मूत्रपिंडाला विषवत् आहे. हे शेवटचे पाखरांसाठी नव्हे, शिरस्तेदारासाठी.

एक नेम मात्र मातोश्रींचा. चैत्रात बोक्याचे अंग पिंजते, आणि दुपारी त्या त्याला मांडीवर घेऊन जुन्या फणीने विंचरीत बसत. निघालेल्या केसांचा पुंजका त्या केरात न टाकता तगरीच्या बेचक्यात खोवून ठेवीत. विंचरलेला पुंजका बाहेर ठेवणे नेहमीच निर्धोक नसते. पिसवांच्या औषधांचा अंश केसांत उतरतो आणि त्या केसांनी अस्तर केलेल्या घरट्यांत तो सापडतो, असे इंग्लंडात २०२५ मध्ये दिसून आले, तेव्हा औषध लावलेल्या जनावराचे केस घरातच जाळावे किंवा पुरावे. पण त्या वर्षी शिरस्तेदाराला काही लावलेले नव्हते, म्हणून मी मातोश्रींना अडविले नाही.

भाद्रपदात अंजिराची पाने पिवळी पडून ते घरटे खाली आले. पिल्ले केव्हाच उडून गेली होती. मी ते उचलून माझ्या लिहिण्याच्या मेजावर ठेविले आणि शिवण हलकेच उकलली. आत कापसाच्या तळाशी, वाटीसारख्या खळग्यात, करड्या आणि पांढऱ्या केसांचा मऊ थर गोल फिरवून बसविलेला होता. शिरस्तेदार उडी मारून मेजावर आला, त्याने घरटे सर्व बाजूंनी हुंगले, आतल्या थरापाशी बराच वेळ नाक खुपसून थांबला, आणि मग तेथे काहीच नवे नाही अशा थाटात खिडकीकडे निघून गेला.